वेगाची किंमत कोणी मोजावी?

भंडारा जिल्ह्याला शंकरपट नवा नाही. सरळ पट्टी, ताज्या दमाची बैलजोडी आणि क्षणांचा हिशेब! मोटारींची ड्रॅग शर्यत हे त्याच खेळाचे यांत्रिक रूप होय. उभ्या जागेवरून सुटून पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, कमीत कमी वेळात कापायचे. येथे इंजिनाइतकेच महत्त्व टायरचे. कारण चाक जागीच फिरले तर शक्ती व्यर्थ जाते.

म्हणूनच शर्यतीच्या मऊ रबराचे, तरीही रस्त्यावर चालविण्यास मुभा असलेले टायर अमेरिकेत निघाले. तापताच ते पट्टीला चिकटतात. परंतु अर्थशास्त्रात फुकट काहीच नसते. मऊ रबर लवकर झिजते; खाचा थोड्या व उथळ असल्याने पाणी बाहेर सारले जात नाही. कोरड्या पट्टीवरचा गुण श्रावणात नागपूर–रायपूर महामार्गावर दोष ठरतो. टायरखाली पाण्याचा थर साचला की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी. वेगाचा आनंद एकट्याचा. धोका मात्र सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलीचाही.

हौशी चालकाने टायरचे दोन संच बाळगावेत: मऊ संच बंदिस्त पट्टीसाठी, खोल खाचांचा रोजच्या रस्त्यासाठी. दुसरा संच परवडत नसेल, तर पहिल्याची हौसही परवडत नाही असे समजावे. बैलांच्या शर्यतींचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली वैध ठरविला, तोही नियमांच्या चौकटीत. मग यंत्रालाच मोकाट का सोडावे?