ताडपत्रीचा दोर : गांठ बरी कीं आंकडा ?

खळ्यावरची रास किंवा गंजी झांकण्यासाठीं ताडपत्री आतां बहुतेक प्रत्येक शेतकऱ्याच्या घरीं असते. ती किती जाड घ्यावी, किती लांबरुंद घ्यावी, याची चौकशी आपण दुकानांत तासभर करतों. परंतु ती कशानें बांधावयाची हा विचार मात्र आभाळ भरून आल्यावर सुचतो. अलीकडे ताडपत्रीबरोबर तारेचे आंकडे, झांपाच्या कड्या, रबरी दोऱ्या, दोर ताणण्याचे रॅचेट पट्टे असें नाना प्रकारचें सामान विकत मिळूं लागलें आहे. गांठ मारण्याची व सोडण्याची कटकट वांचते, हें त्याचें मुख्य आकर्षण. आम्हीही त्यास भुललों होतों. त्यापायीं आमचें जें नुकसान झालें तें येथें सांगितल्यास वाचकांस कांहीं उपयोग होईल, असें वाटतें.

सन २०२३ च्या मार्चांत महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं अवकाळी पाऊस व गारा पडल्या, त्याचें स्मरण सर्वांस असेलच. आमचा गहू त्या वेळीं कापून खळ्यावर रचलेला होता. वीस फूट बाय तीस फुटांची ताडपत्री तीवर घालून आम्हीं तीन बाजूंस नवे तारेचे आंकडे लावले आणि चौथ्या बाजूस, आंकडे अपुरे पडल्यामुळें, नायलॉनच्या दोराच्या निरगांठी मारल्या. संध्याकाळीं सर्व कसें छान ताणलेलें दिसत होतें. मध्यरात्रीं वारा सुटला. तोंड उघडें असलेला आंकडा दोरास ताण आहे तोंपर्यंतच टिकतो. वाऱ्यानें ताडपत्री वर फुगते व झोत ओसरतांच खालीं आपटते. त्या आपटण्याच्या क्षणीं दोर ढिला पडतो आणि आंकडा आपोआप निसटतो. एक निसटला कीं शेजारच्यावर दुप्पट भार, आणि मग तोही निसटतो. अर्ध्या घटकेंत तीन बाजू मोकळ्या झाल्या. चौथी बाजू सोडून ताडपत्री फिरवून घ्यावी म्हटलें, तर भिजून आवळलेल्या निरगांठी कांहीं केल्या सुटेनात. अखेर त्या विळ्यानें कापल्या, व कापलेला दोर बांधावयास पुरेना. गंजीचा वरचा थर भिजून दाणा काळवंडला व भावांत मार बसला.

परंतु याहून मोठें नुकसान पुढेंच होतें. सकाळीं आंकडे वेंचले तेव्हां तीन सांपडले नाहींत. काडांत गेले असतील म्हणून आम्हीं फारसा शोध केला नाहीं. गहू वाळल्यावर मळणीयंत्रांतून काढला, भुसा भरून ठेवला. पावसाळ्याच्या तोंडाशीं आमच्या एका दुभत्या गाईनें चारा सोडला. ती पाठीची कमान करून उभी राही, कोपर बाहेर काढी, उतारावरून चालतांना कण्हे. पशुवैद्यांनीं पोट उघडून बोटभर तारेचा तुकडा काढला. गाय वांचली, पण त्या वेतांत पुन्हां पूर्वीसारखें दूध तिनें दिलें नाहीं. गुरें चारा नीट न चावतां गिळतात. जड लोखंड त्यांच्या जाळीदार पोटांत जाऊन बसतें आणि त्या पोटाच्या पुढेंच, पातळ पडद्यापलीकडे, काळीज असतें. तार तिकडे घुसली तर जनावर हातचें जातें. लोहचुंबक गिळवून पोटांतील लोखंड एका जागीं धरून ठेवण्याची युक्ति पशुवैद्य करतात. तथापि ज्या खळ्यावरून चारा निघावयाचा, त्या खळ्यावर सुटें बारीक लोखंड आणावेंच कशाला?

आतां वाऱ्याच्या जोराचा थोडा हिशेब पाहूं. वेग दुप्पट झाला म्हणजे दाब चौपट होतो. तासास साठ किलोमीटर वेगाचा वारा आडव्या आलेल्या दर चौरस मीटरवर सुमारें सतरा किलोंचा भार टाकतो. आमच्या ताडपत्रीएवढें कापड पूर्ण वाऱ्यांत सांपडलें तर हा भार सुमारें साडेनऊशे किलो होईल. चारच कोपरे बांधले असल्यास एकेका कोपऱ्यावर सव्वादोनशे किलोंहून अधिक ओढ, आणि कांठाचे बत्तीस डोळे बांधले तर एकेकावर तीस किलो. पहिल्या तऱ्हेंत डोळाच फाटून निघतो, मग त्यांत पोलादी कडी असली काय किंवा सुतळी असली काय. गांठीनें दोराचें बळ कमी होतें हा आंकडेवाल्यांचा आक्षेप खरा आहे. साध्या गांठीनें तें निम्म्याच्या आसपास येतें, चांगल्या फांशानें सुमारें दोनतृतीयांश राहतें. परंतु बोटाएवढा दोर तुटण्याच्या पुष्कळ अगोदर ताडपत्रीचा डोळा फाटतो, म्हणून खळ्यावर या आक्षेपास फारसा अर्थ उरत नाहीं. डोळा फाटलाच तर कापडाच्या कांठांत गुळगुळीत गोटा गुंडाळून त्याच्या मानेभोंवतीं दोर आवळावा. ही युक्ति आमच्या वडिलांच्या वेळेपासूनची आहे आणि मूळच्या डोळ्यापेक्षांही ती अनेकदां अधिक टिकते.

सन १९४४ मध्यें अमेरिकेंतील क्लिफर्ड ॲश्ली या दर्यावर्दी चित्रकारानें गांठींवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत पावणेचार हजारांहून अधिक नोंदी आहेत. शेतकऱ्यास इतक्यांचें काय करावयाचें ? त्यास दोन पुरतात. ताडपत्रीच्या बाजूस न सरकणारा फांसा : दोरास लहान वेढा घालावा, टोंक डोळ्यांतून ओवून आणून त्या वेढ्यांत खालून वर काढावें, मुख्य दोराच्या पाठीमागून फिरवावें व त्याच वेढ्यांतून पुन्हां खालीं नेऊन आवळावें. रात्रभर ताण बसला तरी सकाळीं पाठीवरचा वळसा अंगठ्यानें मागें ढकलला कीं तो सुटतो. खुंटीच्या बाजूस दोराच्या मध्यावर सुरगांठीचा डोळा काढावा, टोंक खुंटीभोंवतीं घालून त्या डोळ्यांतून ओवावें आणि परत खुंटीकडे ओढावें. मालमोटारीवर पोतीं आवळणारे हमाल हेंच करतात. हिशेबानें ओढ तिप्पट व्हावयास पाहिजे. दोर दोरावर घासतो म्हणून तितकी होत नाहीं, तरी एकट्या माणसास ताडपत्री चांगली ताणतां येते. शेवट सुरगांठीनेंच करावा, म्हणजे टोंकास हिसका देतांच अंधारांतही सर्व मोकळें होतें. दोन दोर जोडण्यास मात्र साधी दुहेरी गांठ वापरूं नये. ताण कमीजास्त झाला कीं ती उलटते.

दोर कोणता, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. ताग किंवा वाखाचा दोर भिजला म्हणजे आंखडतो व कच्च्या खुंट्या उपटतो, म्हणून तो संध्याकाळीं अगदीं ताठ ठेवूं नये. नायलॉन उलट भिजल्यावर लांबतो, तेव्हां पाऊस लागल्यावर एकदां उठून ओढून घ्यावा लागतो. प्लॅस्टिकचा स्वस्त रंगीत दोर गुळगुळीत असतो, त्यांत गांठ सरकते; वीतभर टोंक जास्त सोडावें, आणि उन्हानें त्याचा भुगा होऊं लागला कीं तो फेकावा, मात्र गुरांच्या वाटेंत नव्हे. खुंटी व दोर यांमध्यें सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी घातली तर वाऱ्याचे हिसके डोळ्यांपर्यंत पोंचत नाहींत. विकतच्या रबरी दोरीपेक्षां आम्हांस हीच अधिक पसंत आहे.

राखणीच्या खाटेवर दोन झाडांमध्यें दोर ताणून ताडपत्री टाकणारांस एक सूचना. पाणी दोरावरून ओघळत थेट अंथरुणावर येतें. ताडपत्रीबाहेर दोरास चिंधीचा तुकडा बांधून लोंबता ठेवावा, पाणी तेथेंच ठिबकतें. याला कडी, आंकडा कांहीं लागत नाहीं.

लोखंड सर्वस्वीं वर्ज्य करा असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. कांदाचाळीच्या खांबास आरपार आट्याची, जस्ताचा मुलामा दिलेली बंद कडी बसवून टाकावी; ती हलत नाहीं, हरवत नाहीं आणि दरवर्षीं खुंटी ठोकावी लागत नाहीं. ट्रॉलीवर रॅचेट पट्टा उत्तमच. जुन्या तंबूंच्या दोरांवर दोन भोंकांची लांकडी पट्टी असे, ती सरकवून दोर ताणीत. ती कोणासही घरीं करतां येते व गाईच्या पोटांत जाण्याची भीति नाहीं. आमच्याकडे राहिलेले आंकडे आम्हीं घराच्या ओसरीवर तुळईस ठोकून पक्के केले आहेत, आणि त्यांवर आतां कासरे व दावीं टांगलेलीं असतात.