बोडा, साल आणि नत्र

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की छत्तीसगडमधल्या रायपूरच्या बाजारात बोडा येतो. मातीने माखलेल्या, गोट्यांएवढ्या या अळंब्या आतून पांढऱ्या असतात तोवरच खायच्या. भाव मटणालाही मागे टाकतो, कारण बोड्याची शेती होत नाही. तो सालवृक्षाच्या मुळांशी जोडलेला असतो: बुरशी झाडाला पाणी, स्फुरद आणि नत्र मिळवून देते, झाड तिला साखर देते.

याच सालाच्या जंगलांच्या दिशेने 1900 साली रायपूर-धमतरी नॅरोगेज सुरू झाली. तेलीबांधा हे तिच्यावरचं स्थानक. आता तिथल्या जुन्या रुळांच्या जागी एक्सप्रेसवे आहे. लाकूड वाहणारी छोटी गाडी गेली आणि तिच्या वाटेवर नत्राची ऑक्साइडं सोडणारी वाहनं आली. हवेतला असा नत्र पावसाबरोबर किंवा धुळीबरोबर कुठे ना कुठे खाली उतरतोच.

असा नत्र येण्याची दुसरी वाट म्हणजे शेतातलं खत; त्याची गोष्ट 1909 पासून सांगावी लागते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवून दाखवला, 1913 मध्ये जर्मनीतल्या ओपाऊला त्याचा कारखाना सुरू झाला. धान्य वाढलं, ही लहान गोष्ट नव्हे. पण शेतात पडलेल्या खताचा मोठा वाटा पिकाला लागतच नाही. तो अमोनिया होऊन उडतो, नायट्रेट होऊन पाण्यात उतरतो.

जंगलाच्या मातीत तो पोचल्यावर काय होतं? 1988 मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये संशोधकांनी पाइन आणि रुंदपानी झाडांच्या तुकड्यांवर दरवर्षी हेक्टरी 50 आणि 150 किलो नत्र टाकायला सुरुवात केली. प्रयोग दशकानुदशके चालला. जास्त नत्राच्या तुकडीत पाइनची झाडं मरू लागली. जमिनीतला बुरशीचा वाटा घटला, लिग्निन फोडणारी विकरं मंदावली, मातीचा श्वास धीमा झाला. पालापाचोळा कुजेना, म्हणून कर्ब जमिनीत साठत गेला. हा साठा पाहून खूश व्हावंसं वाटतं, पण तो कुजवणाऱ्यांच्या थकव्यातून आलेला होता. जोडीला, अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू आम्ल सोडतात. नायट्रेट झिरपताना कॅल्शियमही वाहून जातं.

नेदरलँड्समध्ये हेच बाजारातल्या टोपलीत दिसलं असतं. पशुपालनातल्या अमोनियाने वेढलेल्या तिथल्या जंगलांत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात झाडांशी जोडलेल्या अळंब्या झपाट्याने कमी झाल्या; लोकांच्या आवडीची पिवळी शँटरेलही त्यांत होती. नत्र आयता मिळू लागला की झाड बुरशीला साखर कमी देतं. भागीदारी मोडते ती इतक्या साध्या कारणाने.

भारतात हालचाल झाली ती बरीचशी शेताच्या बाजूने. 2015 मध्ये सगळ्या युरियाला कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला. हा उपायही सूक्ष्मजीवांवरच बेतलेला आहे: कडुनिंब नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना संथ करतं. मार्च 2019 मध्ये नैरोबीला भारताने मांडलेला नत्र-व्यवस्थापनाचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत संमत झाला. ऑक्टोबरमधल्या कोलंबो घोषणेने 2030 पर्यंत नत्राची नासाडी निम्म्यावर आणण्याचं लक्ष्य ठेवलं.

छत्तीसगडमध्ये भाताची खाचरं सालवनाला भिडून आहेत, कोरब्यात कोळशावरची वीजकेंद्रंही जंगलाच्या मुलखातच उभी आहेत. म्हणूनच सालाखालच्या मातीचं मोजमाप वर्षानुवर्षं, त्याच तुकड्यांवर, हार्वर्डसारखं चिवटपणे व्हायला हवं. पहिल्या पावसात बोडा वेचणाऱ्या बायकांना कुठली झाडं यंदा रिकामी राहिली हे ठाऊक असतं. सुरुवात त्यांना विचारून करता येईल.