सहस्रकुंड : एक धबधबा, दोन काठ

ईसापूर धरणातून पैनगंगेत पाणी सोडल्याची बातमी आली, की उमरखेडच्या गाड्या ढाणकी-बिटरगावच्या रस्त्याला लागतात. मुक्काम मुरली. तिथं पैनगंगेच्या वाटेत काळा कातळ आडवा येतो, पात्र फुटतं आणि असंख्य धारा खालच्या कुंडात कोसळतात. म्हणून हे सहस्रकुंड.

पाऊस बेताचा असताना धारा वेगवेगळ्या दिसतात. पूर आला की सगळ्या एक होतात. मग कातळ दिसतच नाही, नुसता आवाज आणि तुषार. उन्हाळ्यात मात्र पाण्यानं घासून गुळगुळीत झालेला खडक उघडा पडतो. परशुरामाच्या बाणानं पाषाण फुटला आणि धारा झाल्या, अशी कथा इथं सांगतात. परशुरामाच्या आईचं, रेणुकामातेचं माहूर याच परिसरात असल्यानं ही कथा लोकांच्या तोंडी रुळली आहे.

मुरली यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यात, तर समोरचं इस्लापूर नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात. पलीकडे पंचमुखी महादेवाचं मंदिर आहे, मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशनही आहे. त्यामुळे बाहेरच्यांच्या लेखी धबधबा नांदेडचा.

ही नुसती जिल्ह्यांची हद्द नव्हती. 1853 नंतर अलीकडच्या वऱ्हाडात इंग्रजांचा कारभार आला, पलीकडे निजामाचा अंमल 1948 पर्यंत टिकला. 1956 मध्ये विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्यात आले, तेव्हा कुठे दोन्ही काठ एका राज्याचे झाले.

उमरखेडकडून येणाऱ्याला पलीकडून न मिळणारी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे वाट. ती जाते ‘बंदी भागा’तून. पैनगंगा अभयारण्याचं सुमारे सव्वातीनशे चौरस किलोमीटरचं जंगल आणि त्यातली गावं याच नावानं ओळखली जातात. अभयारण्याला तीन बाजूंनी नदीचाच वेढा आहे. सागाच्या या रानात अस्वल, बिबट्या, नीलगाय, चौसिंगा आहेत. 2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ याच पट्ट्यातून पुढे गेला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पैनगंगेचा उगमही बुलढाणा जिल्ह्यातच, अजिंठ्याच्या डोंगररांगेत. नदी तिकडून आली, वाघ तिकडे गेला.

पाहायला जायचं तर पावसाळ्याचा उत्तरार्ध उत्तम. पाऊस इथं नसला तरी धरणाच्या विसर्गानं पाणी अचानक वाढतं, आणि ओला कातळ निसरडा असतो; फोटोसाठी काठाशी जाऊ नये, कुंडात उतरू नये. बंदी भागातून दिवसाउजेडी परतावं. हाताशी आणखी एक दिवस असेल तर माहूर गाठावं : रेणुका, दत्त, अनसूया ही तीन शिखरं, किल्ला, पांडवलेणी आणि राज्य पुरातत्त्व विभागाचं छोटं वस्तुसंग्रहालय.

नांदेडकर इस्लापूरच्या बाजूनं पाहून परततात, उमरखेडकर मुरलीच्या. एकदा तरी काठ बदलून पाहावा; पलीकडून धबधबाच नव्हे, आपला काठही दिसतो.