न चुकणारी माणसे

आपण चुकूच शकत नाही, हा समज माणसाला कसा जडतो, याचा विचार मी गेले वर्षभर करीत आहे. तो अहंकारातून येतो असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. मला वाटते, बहुतेक वेळा तो भोवतालची माणसेच आपल्याला बहाल करतात. विचारणारे कोणी उरले नाही की चूक दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणजे ती नाहीच असे आपण धरून चालतो.

रोमचे पोप अचूक मानले जातात, हे आपण ऐकलेले असते. १८७० च्या व्हॅटिकन परिषदेने तसे जाहीर केले खरे. परंतु श्रद्धा व नीती यांविषयी ते आपल्या पीठावरून अंतिम निर्णय देतील, तेवढ्यापुरतेच. त्या पीठानेही मर्यादा घालून घेतली. आमच्या खर्ड्याच्या रणात उतरलेल्यांना मात्र ती सुचली नाही.

तंटा चौथाईच्या थकबाकीचा होता. पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे यांना निजामाचा वजीर मुशीर-उल्मुल्क याने सुनावले, की नाना फडणविसांनीच दरबारात येऊन हिशेब समजावून द्यावा. ग्रँट डफने लिहिले आहे, की निजामाच्या छावणीत पुणे पडल्यासारख्याच गप्पा चालत. इंग्रज मदतीला येतील हा भरवसाही होता. पण गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर तटस्थ राहिला. ११ मार्च १७९५ रोजी लढाई झाली. फ्रेंच सेनानी रेमंडच्या पलटणी टिकाव धरून होत्या, तरी निजामअलीने त्यांना मागे बोलावले. रात्रीच्या अंधारात फौजेत घबराट उडाली आणि निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला. वेढ्यात कोंडल्यावर तह झाला. मुलूख गेला, दौलताबादचा किल्ला गेला, कोट्यवधींची रक्कम कबूल करावी लागली. नानांना दरबारात आणू पाहणारा वजीर स्वतःच कैदी होऊन पुण्यास गेला.

गावात ही गोष्ट येथेच संपवतात. पण मला पुढची अधिक महत्त्वाची वाटते. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले सारे एका निशाणाखाली आले होते. आता दौलतीला भय नाही असे का वाटू नये? त्याच ऑक्टोबरात एकवीस वर्षांचे सवाई माधवराव गेले. वारसाचा झगडा पेटला. १७९६ मध्ये त्याच वजिराला सोडून नानांना निजामाची मदत मिळवावी लागली, आणि जिंकलेले बरेचसे परत करावे लागले. १८०२ मध्ये पेशवा वसईला इंग्रजांच्या पंखाखाली गेला.

हे सारे मला सुचण्याचे कारण घरगुती आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे घरी आलेला प्रत्येक कागद माझ्यापुढे येतो आणि मी सांगेन ते प्रमाण. गेल्या वर्षी कर्जाच्या हप्त्याची नोटीस आली. मी घाईत १३ तारखेची ३१ वाचली. दंडव्याज पडले. वडील तडक जाऊन कारकुनाशी भांडले, "भाऊसाहेब, आमचं पोरगं बीए करतंय, ते चुकंल का?" मी शेजारीच उभा होतो. कागद हातात होता. मी बोललो नाही.

त्या कारकुनाने शेवटी मान खाली घालून हिशेब पुन्हा केला. तो अर्थातच बरोबर होता. वडिलांना अजून तो लबाड वाटतो. हा अंक घरी जाईल तेव्हा ते मोठ्या हौसेने माझा लेख पाहतील, आणि वाचून दाखवायला मलाच सांगतील.