वणव्यात होरपळलेली बाग सावरताना

कोकणातल्या कातळसड्यांवर वणव्याचे दिवस फेब्रुवारी ते मे असे असतात. पावसाळ्यात कमरेएवढे वाढलेले गवत तोवर कोरडेठाक झालेले असते, दुपारनंतर समुद्राकडचा वारा सुटतो, आणि भाजावळीतली एखादी ठिणगी, एकमेकींना घासणाऱ्या वीजतारा किंवा विझवायची राहिलेली विडी एवढे निमित्त पुरते. आंबा-काजूच्या तोडणीचा हंगामही हाच. रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड १९९० मध्ये सुरू झाली आणि पडीक सड्यांवर हापूसची व काजूची कलमे उभी राहिली. या बागा गवताळ माळाला खेटून असल्याने आग त्यांच्यात सहज शिरते. एक-दोन एकरांच्या बागायतदाराचे वर्षाचे पीक आणि लेकरासारखी वाढवलेली झाडे अशी एकाच दुपारी होरपळतात.

ज्वाळा विझल्या तरी आग संपलेली नसते. जुन्या फणसाचा बुंधा, जमिनीतली जाड मुळे, काजूखालच्या पाचोळ्याचा थर आतल्या आत धुमसत राहतो आणि वाऱ्याने पुन्हा पेट घेतो. राखेजवळ हाताची उलटी बाजू नेऊन ऊब लागते का ते पाहावे. ऊब लागली तर पाणी ओतून, उकरून, पुन्हा पाणी ओतावे. गुरे असतील तर त्यांचे खूर आणि कास तपासून पशुवैद्यकाला बोलवावे. गंजी जळाली असेल तर मदतीला येणाऱ्यांनी पहिल्यांदा वैरण आणावी; बाकीचे सामान नंतर आले तरी चालते.

साफसफाईची घाई मात्र करू नये. तलाठी आणि कृषी सहायक यांचा पंचनामा होईपर्यंत जळालेले काहीही हलवणे नुकसानीचे ठरते. झाडांचे, पाइपांचे, शेडचे फोटो आधी काढावेत, झाडे मोजून त्यांचे अंदाजे वय लिहून ठेवावे. हवामानावर आधारित फळपीक विमा अवेळी पाऊस, तापमान, वारा अशा गोष्टींसाठी असतो. आगीच्या भरपाईसाठी त्याच्यावर विसंबता येत नाही. तारांमुळे आग लागल्याचा संशय असेल तर पोलीस ठाण्यात नोंद करून वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी लागते. सातबारावर पाच-सहा सामायिक नावे आणि त्यातले अर्धे मुंबईत, ही कोकणातली नेहमीची स्थिती. भरपाईसाठी सगळ्यांची संमतीपत्रे गोळा करण्यात महिने जातात. गावात राहणाऱ्या वयस्कर शेतकऱ्यासाठी हे कागद चाकरमानी नातलगांनी जमवून दिले, तर ती मदत पैशाइतकीच मोलाची ठरते.

पंचनाम्यानंतर वितळलेल्या ठिबकच्या नळ्या, फुटलेल्या टाक्या, औषधांच्या बाटल्या वेगळ्या पोत्यांत भरून बागेबाहेर काढाव्यात. उरलेले प्लास्टिक जाळून टाकायचा मोह होतो, पण त्याचा धूर आणि राख दोन्ही विषारी असतात. जुने सिमेंटचे पत्रे तडकले असतील तर त्यांत ॲसबेस्टॉस असू शकतो. ते ओले करून, तोंडाला मास्क लावून, न फोडता उचलावेत.

बागेचे खरे भवितव्य ठरते ते झाडांच्या बाबतीत. पाने करपून तांबडी झाली की झाड मेले असे समजून करवत लावली जाते, आणि वणव्यानंतरचे सर्वांत मोठे नुकसान पुष्कळदा याच घाईने होते. गवताची आग झपाट्याने पुढे सरकते, त्यामुळे जाड सालीच्या मोठ्या आंब्यात सालीखालचा वाढीचा थर अनेकदा वाचतो. ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेत हा थर मिनिटभरात मरतो, म्हणून पाचोळ्याचा ढीग जिथे बुंध्याशी जळला तिथे धोका अधिक. धारदार चाकूने सालीला छोटी खाच द्यावी. आतला भाग ओलसर, फिकट हिरवा किंवा पांढुरका दिसला तर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडा आणि आंबूस वासाचा असला तर तेवढा भाग मेला आहे. खोडाच्या चारही बाजूंना अशी तपासणी करावी, कारण आग बहुधा एका बाजूने अधिक भाजते. छाटणीसाठी पावसाळ्यापर्यंत थांबावे. लोंबकळणाऱ्या, अंगावर पडतील अशा फांद्या तेवढ्या लगेच काढाव्यात.

पानांची सावली गेल्यावर एप्रिलचे ऊन थेट खोडावर पडते आणि वाचलेली सालही तडकते. त्यावर बोर्डो पेस्ट उपयोगी पडते. १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना प्रत्येकी ५ लिटर पाण्यात प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करतात. लोखंडी विळी मिश्रणात बुडवून बाहेर काढल्यावर तिच्यावर तांबूस थर दिसला, तर चुना आणखी घालावा लागतो. दुर्बळ झाडांच्या खोडाला आंब्यात भिरूड आणि काजूत रोठा लागतो, म्हणून बुंध्याशी भुसा पडलेला दिसतो का, हे पुढे वर्षभर पाहत राहावे.

जमिनीसाठी मुदत असते ती जूनची. राखेत पालाश आणि चुना असतो, कोकणातल्या आम्लधर्मी जमिनीला तो हवाच. पण ३,००० मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस उघड्या सड्यावरची राख आणि माती पहिल्याच सरींत ओहोळात नेतो. जळालेल्या गवताची मुळे माती धरून असतात, म्हणून नांगरट करू नये. उताराला आडवे दगडी बांध, त्यांमागे चर, आणि प्रत्येक झाडाच्या वरच्या अंगाला अर्धगोल आळे करावे. श्रमदानासाठी याहून चांगले काम नाही. दहा माणसे एका दिवसात जेवढे बांध रचतात, तेवढे एकट्या शेतकऱ्याच्या हातून पावसाआधी होत नाहीत. पावसाच्या सुरुवातीला मोकळ्या पट्ट्यांत ताग किंवा धैंचा पेरला की जमीन लवकर झाकली जाते.

पावसात फुटवे येतात तेव्हा ते कुठून येतात ते पाहायचे. कलमाच्या जोडाच्या वरून आलेला फुटवा हापूसचा असतो, खालून आलेला खुंटाचा, म्हणजे रायवळ. लहान कलमांत जोड जमिनीपासून वीतभरच वर असतो, आणि गवताच्या ज्वाळा नेमक्या तेवढ्या उंचीवर सर्वांत तीव्र असतात. जोडाखालचाच फुटवा आला असेल तर त्यातले जोमदार एक-दोन राखून, पेन्सिलीएवढे जाड झाल्यावर त्यांवर हापूसची काडी बांधतात. जुन्या मुळांच्या बळावर असे झाड नव्या रोपापेक्षा लवकर फळाला येते. पूर्ण मेलेल्या झाडांच्या जागी लावलेले काजूचे कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी बी देऊ लागते, हापूसला पाच-सहा वर्षे लागतात. मधल्या काळात ओळींमध्ये नाचणी, वरी, कुळीथ घेऊन घरचे धान्य आणि थोडी वैरण निघते. गवत पिवळे पडू लागले की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बागेच्या कडेने दोन-तीन मीटर रुंदीची जाळरेषा साफ करावी लागते. शेजारच्या बागायतदारांनी ती सलग आखली तर प्रत्येकाचे श्रम कमी होतात.