बोटभर सैनिकावरचा उजेड

रविवारी माझ्याकडे बोर्ड गेममधल्या मिनिएचर रंगवायला मुलं येतात. ब्रश देण्याआधी मी खोलीत अंधार करते आणि एकेकाच्या हातात टॉर्च देते. प्लास्टिकच्या सैनिकाच्या डोक्यावर उजेड धरायचा आणि नीट बघायचं. खांदे, नाक, गुडघे उजळतात; हनुवटीखाली, काखेत, झग्याच्या चुण्यांत काळोख राहतो. ही नजर बसली की निम्मं रंगकाम आलं, असं मी मानते.

वॉरहॅमरसारख्या खेळातला माणूस साधारण तीस मिलिमीटर उंच असतो. त्याच्या झग्याची चुणी उथळ, त्यामुळे तिच्यात पडणारी खरी सावली हातभर अंतरावरून दिसतच नाही. लाल झग्याला नुसता लाल रंग दिला, तर तो सपाट वाटतो. खऱ्या माणसावर सूर्य जे काम करतो, ते इथे आपल्याला ब्रशने करावं लागतं.

वॉरहॅमर हा खेळ इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपने 1983 साली आणला. 1987 मध्ये त्यांनी ‘गोल्डन डेमन’ ही रंगकामाची स्पर्धा सुरू केली. अशा स्पर्धांतल्या कित्येक लखलखत्या तलवारींना चंदेरी रंग लागलेलाच नसतो. गडद राखाडीपासून शुभ्र पांढऱ्यापर्यंतच्या छटा अशा शेजारीशेजारी बसवलेल्या असतात, की डोळ्याला पोलाद दिसतं.

तिथवर जाणारी वाट साध्या पायऱ्यांची आहे. सैनिक साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवायचा. मग सगळीकडून काळा प्रायमर आणि त्यावर फक्त वरच्या बाजूने पांढरा. टॉर्चने दाखवलेला उजेड आता सैनिकावर कायमचा उमटतो. दमट हवेत स्प्रेचा थर खरखरीत बसू शकतो, म्हणून पावसाळ्यात मी प्रायमर ब्रशनेच लावते.

पुढचे अ‍ॅक्रिलिक रंग पाण्याने पातळ करून घ्यायचे. एका जाड थराने कोरीवकाम बुजतं; दोन पातळ थरांनी ते टिकतं. रंग लवकर सुकू नये म्हणून पसरट डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंग पेपर ठेवायचा, की वेट पॅलेट तयार. नंतर ‘वॉश’ म्हणजे पातळ, गडद रंग. तो आपणहून खाचांत उतरतो आणि सावल्या धरतो. उंचवट्यांवर मूळ रंग पुन्हा द्यायचा आणि अगदी कडांवर त्याचीच फिकट छटा.

गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी होते. मी मिनिएचरचे डोळे चेहऱ्याआधी करायला सांगते, कारण रेघ बाहेर गेली तर त्वचेच्या रंगाने ती झाकता येते. त्यासाठी केसाएवढा बारीक ब्रश लागत नाही. त्यावरचा रंग टेकण्याआधीच सुकतो. ब्रश जरा भरदार असावा, टोक मात्र अणकुचीदार.

हात सुधारायचा असेल तर एका सैनिकावर एकच गोष्ट शिकावी: आज वॉश, पुढच्या वेळी कडा. जुने सैनिक पुन्हा रंगवू नयेत. ते नव्यांच्या शेजारी, एकाच दिव्याखाली ठेवले, की पुढे काय शिकायचं ते आपलं आपल्याला दिसतं.

शेवटी मॅट वार्निशचा हात द्यावा आणि सैन्य पटावर उतरवावं. हे सैनिक खेळण्यासाठी घडवलेले आहेत; चार जणांच्या हाती फिरण्यातच त्यांचं सार्थक आहे.