आकाश, अवकाश आणि अंतराळ

उज्जैनच्या माधव नगरात, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या फ्रीगंजात, शाळेच्या फाटकावर ‘आज अवकाश है’ अशी पाटी लागली की पोरं उड्या मारत घरी परततात. हिंदीत अवकाश म्हणजे सुट्टी. तिथल्या मराठी घरांमध्ये मात्र याच अवकाशातून यानं उडतात. भर म्हणून हिंदीतल्या ‘अंतरिक्षा’ला आपण अंतराळही म्हणतो आणि अवकाशही, एकाच बातमीत अंतराळवीर अवकाशयानातून उतरतो. बातमीत हे खपून जातं. पण या शब्दांमागच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या करून पाहायला उज्जैनसारखं गाव नाही.

तीन शब्द

आकाश म्हणजे डोक्यावर दिसतं ते. त्याला दिशा आहेत, उंची आहे. खोली डोळ्यांना कळत नाही.

अवकाश म्हणजे मोकळी जागा, आणि मोकळा वेळही. ‘गाडीला अजून अवकाश आहे’ असं आपण सहज म्हणतो. आइन्स्टाइननंतर भौतिकशास्त्राला ‘अवकाशकाल’ हा जोडशब्द लागला. मराठी अवकाशात काळ आधीपासूनच बसलेला होता. हा योगायोग आहे, पूर्वजांना सापेक्षतावाद ठाऊक असल्याचा पुरावा नव्हे.

अंतराळ म्हणजे मधली जागा. देवळाच्या रचनेत सभामंडप आणि गाभारा यांच्यामधल्या चिंचोळ्या भागाला अंतराळच म्हणतात. ग्रहताऱ्यांच्या मधल्या जागेलाही तोच शब्द शोभतो.

वेधशाळेत मोजतात ते आकाश

फ्रीगंजातून रेल्वेलाइन ओलांडून क्षिप्रेच्या बाजूला गेलं की जिवाजी वेधशाळा लागते. माळव्याचा सुभेदार असलेल्या सवाई जयसिंगानं अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या पाच वेधशाळांपैकी ही एक. बाकीच्या दिल्ली, जयपूर, वाराणसी आणि मथुरेच्या. पडझड झालेली ही वास्तू १९२३ साली माधवराव शिंदे महाराजांच्या काळात दुरुस्त झाली. तिचे अधीक्षक होते गोविंद सदाशिव आपटे.

सम्राट यंत्राची तिरपी भिंत जमिनीशी सुमारे २३ अंशांचा कोन करते. उज्जैनचा अक्षांश तेवढाच, म्हणून भिंतीची धार थेट ध्रुवाकडे रोखलेली असते. तिची सावली बाजूच्या वक्र कट्ट्यावर सरकते आणि वेळ सांगते. मनगटावरचं घड्याळ मात्र तिच्याशी जुळत नाही, सुमारे २७ मिनिटं पुढे असतं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. उज्जैन आहे ७५.८ अंशांच्या जवळ, आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटं. शिवाय सूर्याची स्वतःची गतीही वर्षभर सारखी नसते, त्यामुळे हा फरक ऋतूनुसार काही मिनिटं कमीजास्त होतो.

शंकुयंत्राशी, म्हणजे उभ्या शंकूची सावली पाहण्याच्या यंत्राशी, गर्दी होते ती २१ जूनच्या सुमारास. कर्कवृत्त शहराच्या थोडं उत्तरेला, डोंगला गावाजवळून जातं, म्हणून त्या दिवसांत दुपारी साडेबाराच्या आसपास शंकूची सावली जवळपास नाहीशी होते.

या यंत्रांपैकी एकही योजनं किंवा किलोमीटर मोजत नाही. ती मोजतात कोन, आणि कोनांवरून काळ.

कोनातून अंतर काढताना

मग जुन्या ज्योतिष्यांनी अंतरं काढली कशी? चंद्राच्या बाबतीत निसर्गानं मदत केली. चंद्र जवळ असल्यानं पृथ्वीवरून पाहणाऱ्याची जागा बदलली की तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सरकल्यासारखा दिसतो. हे लंबन जवळजवळ एक अंशापर्यंत जातं. नुसत्या डोळ्यांना, ग्रहणांच्या वेळा लावताना, ते कळतं. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात चंद्राची कक्षा ३,२४,००० योजनांची आणि पृथ्वीचा व्यास १,६०० योजनांचा दिला आहे. भागाकार केला तर चंद्र पृथ्वीच्या सुमारे ६४ त्रिज्यांवर येतो. आजचं सरासरी उत्तर ६० आहे. दुर्बीण नसताना हे उत्तम.

पुढे मात्र गृहीतक शिरलं. सगळे ग्रह ठरावीक काळात सारखीच योजनं चालतात, म्हणून जो मंद फिरतो तो लांबचा. या हिशेबानं सूर्याची कक्षा निघते सुमारे ४३,३१,५०० योजनांची, म्हणजे सूर्य चंद्राच्या सुमारे १३ पट लांब. प्रत्यक्षात तो सुमारे ३९० पट लांब आहे. गणितात खोट नव्हती, गृहीतकात होती, आणि ती कळायला मार्ग नव्हता. सूर्याचं खरं लंबन ९ विकलांहूनही कमी, ते कट्ट्यावरच्या सावलीत दिसणार कुठून? याच गृहीतकावर, चंद्राच्या कल्प नावाच्या महाकालखंडातल्या ५७,७५,३३,३६,००० फेऱ्यांना त्याच्या कक्षेनं गुणून, सूर्यकिरण पोचतात त्या आकाशाचा घेर सतरा अंकी योजनांमध्ये काढला आहे. आकडा भव्य आहे, पण तो मोजलेला नाही.

अंतराळ सुरू कुठे होतं

रूढ रेषा समुद्रसपाटीपासून १०० किलोमीटरवरची, कार्मान रेषा. इंदूरला जाऊन परत यायला त्याहून थोडं जास्तच अंतर पडतं. अमेरिकेत अंतराळवीराचं बिरुद सुमारे ८० किलोमीटरलाच मिळतं. वातावरण तिथे संपत नाही, विरत जातं. आणि त्याच्याही पलीकडे, ताऱ्यांच्या मधल्या जागेत, विरळ का होईना पण वायू आणि धूळ असते.

आणखी एक घट्ट बसलेला गैरसमज: तिथे गुरुत्वाकर्षण नसतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर आहे, आणि तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के आहे. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि त्यांचं स्थानक दोन्ही पृथ्वीकडे सतत पडत असतात. आडवा वेग ताशी २७,००० किलोमीटरहून जास्त असल्यानं जमीन त्यांना गाठता येत नाही, एवढंच.

कायद्याच्या नजरेतून

देशाच्या भूमीवरची हवाई हद्द त्या देशाची असते. परक्या विमानाला परवानगी लागते. परक्या उपग्रहाला लागत नाही: १९६७ च्या अंतराळ करारानुसार चंद्रासकट अंतराळाच्या कुठल्याही भागावर कुणालाच मालकी सांगता येत नाही. माधव नगरावरचं आकाश खालून भारताचं आणि वरून कुणाचंच नाही. ही अदलाबदल नेमक्या किती उंचीवर होते, ते त्या करारात लिहिलेलं नाही.